दोन मिनिटं

सव्वीस वर्षं मी या दरीत टपाल वाटलं.
डाव्या पोटरीवर अजून चार दातांची खूण आहे,
वरच्या शेताच्या फाटकातली.
कुत्र्यांबद्दलचं माझं मत
मी निवृत्तीच्या दिवशी बुटांबरोबर काढून ठेवलं,
फेकलं नाही.

आणि आता हा मॉस्टिन. माझ्या भावाचा, एमरिसचा.
मेंढ्यांना भिणारा मेंढपाळी कुत्रा,
एक कान उभा, दुसरा मोडक्या छत्रीसारखा.
नोव्हेंबरात एमरिसला पुलापलीकडच्या केअर होममध्ये नेलं.
तिथल्या बाई म्हणाल्या, आणा की कुत्रा, जरूर आणा,
पण सोन्याचा बिल्ला मिळवलेला.
म्हणजे सगळ्यांत वरची परीक्षा पास झालेला.
म्हणजे कागदावर शहाणा.

तर दर गुरुवारी गावच्या हॉलमध्ये,
जिथे सोमवारी गाण्याची तालीम असते
आणि महिन्यातून एकदा रक्त घेतात,
आम्ही दोघं शिकतो.
पट्टा सैल ठेवून रस्ता ओलांडायचा.
गाडीचं दार उघडलं तरी सांगेपर्यंत उतरायचं नाही.
कुणी खात असेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही.
हे एमरिसला सत्तर वर्षांत जमलं नाही.

मी इंग्रजीत सांगून पाहिलं. ढिम्म.
गोडीत, दरडावून, हातात चीज धरून.
शेपूट नळीत घालायचं तेवढं बाकी राहिलं.
मग एकदा वैतागून वेल्शमध्ये ओरडले,
एमरिससारखंच, अर्धं नाकातून:
आरोस.
थांबला. चारही पाय जमिनीत पेरल्यासारखा.
इतके दिवस मी
चुकीच्या पत्त्यावर पत्रं टाकत होते.

अंथरुणावर धाडायचा धडा मात्र अडला.
'जा, जागेवर' म्हटलं की हा दाराशी जायचा,
जिथे पूर्वी बूट असायचे.
शेवटी एमरिसचं खाणीतलं जाकीट अंथरलं.
शिवणीत अजून पाटीच्या दगडाची भुकटी.
त्यावर तीन गिरक्या घेतल्या न् बसला.

परीक्षेला मिसेस प्रिदेर्ख आल्या, रेक्समहून,
कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर हवामान नाही.
रस्ता झाला. गाडी झाली.
बेकरीवाल्याच्या ग्वेनोनं नाकासमोर सॉसेज रोल खाल्ला,
आणि मॉस्टिन छताकडे बघत राहिला,
प्रवचन लांबलेल्या चॅपलमधल्या म्हाताऱ्यासारखा.

शेवटचं एकच उरलं.
कुत्र्यानं आडवं व्हायचं, मालकानं दिसेनासं व्हायचं,
दोन मिनिटं.

मी हॉलच्या स्वयंपाकघरात, दारामागे.
हुकांना टांगलेले कप. एक हूक रिकामा.
वीस. तीस.
केटल गार. बाहेर काही आवाज नाही.
चाळीस.
भुंकला असता तर बरं झालं असतं.
कुईकुई तरी.
पन्नास. साठ.
त्या दिवशी एमरिसला खुर्चीत बसवून मी म्हणाले होते,
गाडी नीट लावून येते, दोन मिनिटांत.
आणि गाडी घेऊन सरळ घरी आले.
संध्याकाळपर्यंत कोट अंगातच होता त्याच्या,
असं तिथली नर्स नंतर सहज बोलून गेली.
एकाहत्तर.
बहात्तर.

मी दार ढकललं.

मॉस्टिन तिथेच. हनुवटी पंजांवर.
फक्त उभा कान माझ्याकडे वळला, बाकी काही नाही.
मिसेस प्रिदेर्खनी घड्याळ पाहिलं,
पेन्सिल कानावरून काढली,
म्हणाल्या, कुत्रा उत्तम.
तुम्ही मात्र लवकर उठलात.
पुन्हा मार्चमध्ये.

आता रोज जेवणानंतर मी कोळशाच्या खोपटात उभी राहते,
हातात अंडी उकडायचं टायमर,
दार लावून, अंधारात.
काल एक मिनिट एकावन्नपर्यंत गेले.
आत जाकिटावर
तो घोरत होता.